दुकानदाराचे गाऱ्हाणे, चेंबरचा आवाज

सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. एकट्या दुकानदाराचे गाऱ्हाणे वाटेतच विरते, संस्थेचे सरकारदरबारी ऐकले जाते. स्थानिक संस्था कराच्या, म्हणजेच एलबीटीच्या, काळात याचा प्रत्यय आला.

जकात नाके उठले याचा व्यापाऱ्यांना खरे तर आनंद व्हायचा. पण नव्या करासोबत स्वतंत्र नोंदणी, विवरणपत्रे आणि महापालिकेकडून दप्तरतपासणी आली. व्हॅटसाठी दाखवलेल्या वह्याच पुन्हा दुसऱ्या कार्यालयापुढे उघडायच्या! नवी पेठेतील लहान दुकानाला कराच्या दराहून हाच जाच मोठा होता. २०१३ साली राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. (बंदच्या दिवशी हमालाची मजुरी बुडते, ही नोंद निवेदनांत क्वचितच आढळते.)

सरकारची अडचणही खोटी नव्हती. महापालिकांचे रस्ते, पाणी, दिवे कशावर चालणार? अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून मुक्ती मिळाली. महापालिकांची तूट राज्याच्या तिजोरीने उचलली. पुढे १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला.

१८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा भुसार व्यापारी पुन्हा एकवटले. मात्र आता एकट्या मंत्रालयात निवेदन देऊन भागत नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते.