एका पायाचं काम

सकाळी 7.00
इकालुइट, बॅफिन बेट. मार्चचा मध्य, बाहेर उणे 28. दाराशेजारी भिंतीला लाकडी चौकट टेकवलीय. तिच्यात सीलचं केस काढलेलं कातडं दोरीनं चहूबाजूंनी ताणून बांधलंय. आजी हातमोजा काढतात, कातड्यावर बोटानं टिचकी मारतात. डफासारखा आवाज येतो. गारठा आणि ऊन मिळून ते पांढरं करतात. "अजून चार दिवस," म्हणतात आणि आत वळतात.

7.40
चहा आणि बॅनक. बॅनक म्हणजे तव्यावरचा जाडजूड पाव. मुलगी दुकानात गल्ल्यावर बसते, ती निघालीय. कॅनडातल्या या नुनावुट प्रदेशात 2024 च्या जानेवारीत किमान मजुरी तासाला 19 डॉलर झाली. गावाला बाहेरून रस्ता नाही. दूध, पीठ, सुया, सगळं विमानानं किंवा उन्हाळ्यातल्या जहाजानं येतं. मुलगी चहात दूध मोजून घालते.

8.15
आजी जमिनीवर बसतात, पाय समोर सरळ पसरून. खाली पुठ्ठा. हातात उलू. अर्धचंद्रासारखं पातं आणि वर मधोमध मूठ, आपल्याकडच्या चांभाराच्या रापीची बहीण शोभेल अशी. पातं जुन्या करवतीतून कापून घेतलंय.

काम आहे बुटाच्या जोडीचं. इथं त्याला कमिक म्हणतात. मकलक हे जास्त ऐकू येणारं नाव अलास्काकडचं. युपिक भाषेत तो शब्द मुळात दाढीवाल्या सीलचा. इनुइट भाषेत एक असेल तर कमिक, दोन असतील तर कमीक, जास्त असतील तर कमीत. संस्कृतच्या तासाला पाठ केलेलं द्विवचन इथं लहान पोरंही सहज बोलतात. आपण तर एका बुटालाही जोडाच म्हणतो.

9.30
मापाला कागद नाही. गिऱ्हाइकाचा पाय आजींनी परवा वितीनं आणि बोटांनी मोजला होता. पायावरचा भाग लहान सीलच्या केसाळ कातड्याचा. बाईचे बूट, म्हणून पट्टे आडवे. पुरुषाचे असते तर उभे घातले असते. कातडं मुलानं मारलेल्या सीलचं. त्याला पेट्रोलला 80 डॉलर दिले होते, ते आजी हिशेबात धरतात. स्वतःचे तास धरत नाहीत.

11.00
तळव्याचं कातडं दाढीवाल्या सीलचं, जाड. भिजवलं तरी फळीसारखं. आजी त्याची कड दाढेखाली घेतात आणि चावतात. बोटभर सरकवतात, पुन्हा चावतात. पुढचे दात झिजून हिरड्यांना टेकलेत. चवड्याशी आणि टाचेशी चुण्या घालायला आता पक्कड वापरतात. पण पक्कड कातडं फाडते, दात फाडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तास जातो. मी बघून बघून माझाच जबडा आवळून बसले होते.

12.10
नात शाळेतून जेवायला येते. पुठ्ठ्यावर 'चार' नावाचा गोठलेला मासा. उलूनंच काप काढायचे.

1.00
आता टाका. याच्यासाठीच मी आले होते.

दोरा म्हणजे कॅरिबू हरणाच्या पाठीचा वाळवलेला स्नायुबंध. नखानं सोलून, ओठांतून ओढून ओला करायचा. 2015 च्या जानेवारीत बॅफिन बेटावर कॅरिबूच्या शिकारीवर बंदी आली, नंतर मोजक्या नरांपुरती सूट मिळाली. तेव्हापासून आजी वरच्या शिवणीला दात साफ करायचा मेणाचा दोरा वापरतात. तळव्याला मात्र स्नायुबंधच. तो पाण्यानं फुगतो आणि सुईचं भोक आपणच बुजवतो.

सुई तळव्याच्या कातड्यात शिरते, पण आरपार जात नाही. अर्ध्या जाडीतूनच वळून बाहेर येते. ही एक ओळ. मग बूट उलटायचा, दुसऱ्या बाजूनं दुसरी ओळ, तीही अर्धीच. त्यामुळे पाण्याला सरळ वाटच मिळत नाही. एका बोटाच्या रुंदीत मी आठ टाके मोजले. दिव्यापुढे धरून शोधलं, एकाही भोकातून उजेड येत नव्हता.

3.45
दारावर एक परिचारिका. अमेरिकेला घरी परत निघालीय. भिंतीवरची तयार जोडी तिला हवीय, 600 डॉलर द्यायला तयार. आजीच तिला सांगतात, नेता येणार नाही. अमेरिकेचा 1972 चा कायदा, सीलची वस्तू आत येऊ देत नाही. ती जोडी हातात घेऊन बराच वेळ उभी राहते. मग लोकरीचे आतले मोजे 60 डॉलरना घेऊन जाते.

5.30
एक बूट शिवून झाला. आजी त्याचं तोंड मुठीत आवळतात, फुंकून हवा भरतात, कानाशी धरून दाबतात. टाचेकडे बारीक सुस्कारा. मला ऐकू आला नव्हता, नातीला आला. नऊ टाके उसवले. पुन्हा स्नायुबंध सोलला, ओला केला.

6.40
सूर्य खाडीपलीकडे गेला. पुन्हा फुंकलं. आवाज नाही. मुलगी कामावरून येते, बूट काढता काढता विचारते, कमीक?

"कमिक," आजी म्हणतात, आणि दुसऱ्या तळव्याचं कातडं पाण्यात टाकतात.