सिग्नलवर थरथर, पुलावर टकटक: जुन्या गाडीचं दुखणं ओळखा

रविवारची सकाळ. घरातली जुनी पेट्रोल अॅम्बेसेडर धुऊनपुसून तुम्ही सगळे कोलकात्यातून हावड्याकडे निघाला आहात. रवींद्र सदनजवळ सिग्नल लागतो आणि गाडी थरथरू लागते. आता बंद पडते की काय, असं वाटतं. सिग्नल सुटतो, गाडी सावरते. पण पुढे विद्यासागर सेतूचा चढ लागला आणि अॅक्सिलरेटर दाबला, की बॉनेटखालून वेगळाच आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत, तशी टकटक. पाय उचलला की आवाज थांबतो.

ही दोन दुखणी वेगळी आहेत, पण अनेकदा एकमेकांशी जोडलेली असतात. ते नातं तुम्हाला कळलं, तर हजारोंचा खर्च वाचू शकतो.

अशा गाड्या आता पुन्हा बनणार नाहीत. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यातल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातलं अॅम्बेसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. १५ वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहनं रस्त्यावरून काढायला सुरुवात झाल्यावर कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीही कमी होत गेल्या. खासगी गाडी मात्र १५ वर्षांनंतर तपासणी करून, नोंदणीचं नूतनीकरण करून पुढे चालवता येते. म्हणूनच तिचं इंजिन जपायला हवं.

टकटक म्हणजे नेमकं काय?

सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटतं आणि ज्योत सगळीकडे पसरत जाते. उष्णता आणि दाब जास्त झाला, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्या धक्क्याचा आवाज म्हणजे ही टकटक. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन नॉकिंग करतंय.’ चढावर क्षणभर झालं तर घाबरू नका. पण रोज होत असेल, तर पिस्टन, रिंग आणि हेड गॅस्केटचं नुकसान ठरलेलं.

टॅपेटचा आवाज वेगळा असतो. तो गाडी उभी असतानाही येतो आणि इंजिनच्या वेगाबरोबर वाढतो. नॉकिंग बहुधा वजन ओढताना, चढावर, वरच्या गिअरमध्ये ऐकू येतं. गाडी डिझेलची असेल, तर थोडी खडखड तिच्या स्वभावातच असते. हा लेख पेट्रोल गाडीसाठी आहे.

पेट्रोलला लगेच दोष देऊ नका

टकटक ऐकली की पहिला सल्ला मिळतो, ‘महागडं पेट्रोल भरा.’ पण जुन्या अॅम्बेसेडरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आजच्या गाड्यांपेक्षा बरंच कमी आहे. साधं पेट्रोल तिला पुरतं. इथेनॉलचा ऑक्टेन तर पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे त्याच्या मिश्रणाने नॉकिंग वाढायला नको.

मात्र इथेनॉलचा दुसरा परिणाम असतो. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण थोडं पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं होतं. नव्या गाडीतला सेन्सर हे सांभाळून घेतो. जुन्या कार्ब्युरेटरला ते जमत नाही आणि गाडी सिग्नलवर अडखळू शकते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. पाइप मऊ पडले असतील किंवा त्यांना चिरा गेल्या असतील, तर ते लगेच बदला.

सिग्नलवरचा इलाज पुलावर अंगाशी येतो

आता मुख्य गोष्ट. थरथरणारी गाडी तुम्ही मिस्त्रीकडे नेता. घाईत असलेला मिस्त्री डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग अॅडव्हान्स करतो, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं करतो. उभ्या गाडीचं इंजिन लगेच वेग घेतं, थरथर कमी होते. तुम्ही खूश होऊन पैसे देता. पण तीच लवकर पडणारी ठिणगी चढावर नॉकिंग घडवते. मूळ दोष तसाच राहतो आणि वर नवा तयार होतो. म्हणून आधी थरथरीचं कारण शोधा, टायमिंग सगळ्यात शेवटी लावा.

स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर

१. प्लग काढून पाहा. इंजिन थंड झाल्यावरच काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता जास्त. ओला प्लग म्हणजे तिथे ठिणगी पडत नाही.

२. वायर आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण. कोलकात्याच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर हमखास, इथे ओलावा साचतो आणि गाडी ‘मिसिंग’ मारते. झाकण कोरडं करा, आत तडा आहे का बघा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून पाहा. वायरवर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर ती बदला. हात मात्र लावू नका.

३. पॉइंट. त्याची फट साधारण ०.४ मिलिमीटर असते. फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग.

४. हवेची गळती. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला, तर तिथून जास्तीची हवा आत शिरते आहे. डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडू देऊ नका. थरथर आणि टकटक दोन्ही असतील, तर हा संशय आधी घ्या. पातळ मिश्रण दोन्ही घडवू शकतं.

५. रेडिएटर. तुंबलेल्या रस्त्यांवर इंजिन आधीच तापलेलं असतं. पाणी कमी, पंख्याचा बेल्ट सैल किंवा रेडिएटर गाळाने भरलेला असेल, तर नॉकिंग वाढतं.

६. टायमिंग. आता टायमिंग लाइट लावून, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार ते जुळवून घ्या.

७. कॉम्प्रेशन. एवढं करूनही फरक पडला नाही, तर चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. एखाद्याचं बरंच कमी आलं, तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटचा दोष असू शकतो. आकडे चांगले असूनही टकटक राहिली, तर आत साचलेल्या कार्बनचा विचार करा. हेड उघडण्याची वेळ इथे येते, त्याआधी नाही.

सुटे भाग घ्यायला मल्लिकबाजारात जाणार असाल, तर जुना भाग सोबत न्या आणि शेजारी ठेवून जुळवून पाहा.

मिस्त्रीला काय सांगाल?

‘गाडी बिघडली आहे’ एवढंच सांगू नका. आवाज थंड इंजिनात येतो की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, चढावर की सिग्नलवर, पावसात वाढतो का, हे एका कागदावर लिहून न्या. चांगल्या मिस्त्रीला त्यातच अर्धं उत्तर मिळतं.

आणि काम झाल्यावर गॅरेजच्या दारात पैसे देऊन मोकळे होऊ नका. मिस्त्रीला शेजारी बसवा, एका सिग्नलवर थांबा, एक पूल चढा. दोन्हीकडे गाडी शांत राहिली, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असं समजा.