उतरणीचे गणित

आकाशात झेपावणारे विमान पाहून मन हरखून जाते. परंतु वैमानिकाची खरी कसोटी लागते ती विमान खाली उतरवताना. धावपट्टीच्या सरळ रेषेत आल्यापासून चाके जमिनीला टेकेपर्यंतच्या मार्गाला अंतिम उतरण म्हणता येईल. या मार्गावर वैमानिकाला दोन गोष्टींचा मेळ सतत घालावा लागतो. एक, धावपट्टीपासूनचे अंतर. आणि दुसरी, विमानाची उंची.

बहुतेक मोठ्या विमानतळांवर ही उतरण जमिनीशी सुमारे ३ अंशांचा कोन करते. त्यावरून एक सोपा नियम निघतो : दर सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट उंची असावी. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. धावपट्टी ५ मैल दूर असेल, तर विमान १,५०० फूट उंच हवे; ३ मैलांवर ९०० फूट आणि १ मैलावर ३०० फूट. विमान ताशी १२० सागरी मैल वेगाने येत असेल, तर ते मिनिटाला २ मैल पुढे सरकते. म्हणून त्याने मिनिटाला ६०० फूट खाली आले पाहिजे.

येथे एक मेख आहे. उंचीमापकाचा काटा सामान्यतः समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीपासून फारसा उंच नाही. पुण्याचा मात्र सुमारे १,९०० फूट उंचावर आहे. म्हणून पुण्यास उतरताना ३ मैलांवर काटा ९०० फुटांवर नव्हे, तर २,८०० फुटांवर हवा. काटा ९०० वर येण्याची जो वाट पाहील, त्याचे विमान त्यापूर्वीच जमिनीवर आदळेल!

हवा स्वच्छ असली म्हणजे धावपट्टी डोळ्यांना दिसते. धुक्यात मात्र सारी भिस्त काट्यांवर असते. १९३४ साली अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचे काम सैन्याच्या वैमानिकांवर सोपवण्यात आले. ऐन हिवाळ्यातील वादळांत व धुक्यात अनेक तरुण वैमानिक प्राणांस मुकले. त्यांच्या अंगी धैर्य होते; पण केवळ काटे पाहून विमान चालवण्याचा पुरेसा सराव नव्हता.

हा सराव जमिनीवरच देणारे एक यंत्र एडविन लिंक याने १९२९ साली तयार केले होते. त्याच्या वडिलांच्या कारखान्यात ऑर्गन वाद्ये बनत. त्या वाद्यांतील भात्यांची युक्ती वापरून त्याने विमानासारखी डुलणारी व वळणारी एक पेटी बनवली. झाकण लावून आत बसले, की बाहेरचे काही दिसत नसे. दिसत ते फक्त काटे. त्या अपघातांनंतर, १९३४ सालीच, सैन्याने अशी ६ यंत्रे विकत घेतली.

आज हेच काम संगणकावर चालणारी सिम्युलेटर यंत्रे करतात. ‘अंतर ५ मैल, उंची १,५०० फूट, दाट धुके’ अशी मांडणी करून शिकाऊ वैमानिक एकच उतरण पुन्हा पुन्हा करतो. एक गोष्ट त्याच्या लवकरच ध्यानी येते. ५ मैलांवर झालेली २०० फुटांची चूक हळूहळू सुधारता येते. तीच १ मैलावर उरली, तर हट्टाने उतरू नये. अशा वेळी विमान पुन्हा वर न्यावे, फेरी घ्यावी आणि नव्याने उतरण सुरू करावी. यात कमीपणा नाही. सिम्युलेटरमध्ये चुकलेले गणित पुसून पुन्हा मांडता येते. प्रवाशांनी भरलेल्या विमानात ते वेळीच बरोबर यावे, यासाठीच हा सारा सराव असतो.