समासातली पेन्सिल

माझ्याकडच्या सहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात समासभर पेन्सिलीच्या खुणा आहेत. बरोबरची खूण, म्हणजे पोरांनी धडा उचलून धरला. ‘म’, म्हणजे सगळं मराठीतच सांगावं लागलं. आणि कोपऱ्यातला आकडा म्हणजे त्या पानावरचे नवे शब्द.

शब्द मोजायची सवय मायकेल वेस्टबद्दल वाचून लागली. हा इंग्रज शिक्षक शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला होता. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनमाला त्याने तपासल्या. त्यात नवे शब्द दाटीवाटीने यायचे आणि पुन्हा फारसे भेटायचेच नाहीत. मग त्याने स्वतः वाचनमाला रचली. तीत नवा शब्द बेतानं येई आणि आलेला शब्द पुढे परत परत भेटे. १९५३मध्ये त्याने नेहमी लागणाऱ्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही शिक्षकांच्या कामी येते.

आम्ही शिक्षक पुस्तक पारखतो, पण कागदावर आमचं मत येतं ते तक्त्यातून. एका प्रशिक्षणात मला असाच तक्ता मिळाला होता. छपाई कशी, चित्रं कशी, उद्दिष्टं स्पष्ट आहेत का. पुढे ‘समाधानकारक’चा चौकोन. जेवणाच्या सुट्टीआधी भरून द्यायचा होता, दिला. ब्रायन टॉमलिन्सनसारखे अभ्यासक म्हणतात, पुस्तक तीनदा तपासावं: वापरण्याआधी, वापरताना आणि वापरून झाल्यावर. आधीची तपासणी खुर्चीत बसून होते. बाकीच्या दोन्हींना वर्ग लागतो, आणि आमचा वर्ग बीड जिल्ह्यातला आहे.

इथं दिवाळीच्या आगेमागे निम्मे बाक रिकामे होतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आईबापांबरोबर पोरंही साखर कारखान्यावर जातात. काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. गेलेली परततात ती होळी-पाडव्याला. तोवर पुस्तक पुढे गेलेलं असतं. महाराष्ट्रात २०००पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. आमच्या वेळी ती पाचवीत यायची. वर्षं वाढली, पण मधले चार-पाच महिने ज्याचे ऊसतोडीत जातात त्याला ती सलग मिळत नाहीत. म्हणून माझा पहिला प्रश्न तक्त्याबाहेरचा असतो: कार्तिकात सुटलेलं पुस्तक पोराला फाल्गुनात पुन्हा धरता येतं का?

कविता आणि चित्रकथा लगेच धरता येतात. मागच्या धड्यावर उभा असलेला संवाद येत नाही. जुने शब्द पुढच्या पानांवर परत आले असतील तर पोरगं दोन दिवसांत रुळतं. वेस्टची युक्ती मला खरी कळली ती इथं. एका खासगी सरावपुस्तकात मी एका पानावर सतरा नवे शब्द मोजले होते. त्यातले दोनच पुढे पुन्हा दिसले. ते पुस्तक मी कपाटात ठेवलं, अजून तिथंच आहे.

मागच्या वर्षी होळीनंतर एक मुलगी वर्गात आली. हाताला कोयत्याचे घट्टे.

“बाई, मी लई मागं पडले का?”

मी म्हटलं, वाच कुठलंही पान. तिनं मधलंच उघडलं. अडखळत चालली होती, पण ‘लोड’ शब्दाशी थांबलीच नाही. हा कुठं शिकलीस, विचारलं.

“ट्रॅक्टरवर. ओव्हरलोड पण येतंय मला. ट्रॉलीच्या मागं लिवलेलं असतंय.”

त्या पानाच्या कोपऱ्यात मी नऊ लिहिलं होतं. खोडून आठ केलं.