करी रोडची फास्ट

करी रोडला उभं राहिलं की फास्ट लोकल फक्त बघायची असते. भायखळा सोडलेली गाडी धडधडत दादरच्या दिशेनं निघून जाते आणि फलाटावरची माणसं आपल्या स्लोची वाट बघत राहतात. ‘फास्ट’ म्हणजे वेग, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि तरी हा शब्द मुळात जागचं न हलणाऱ्या गोष्टींसाठी होता!

जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घट्ट, पक्कं, रुतून बसलेलं. गाढ झोपलेला माणूस इंग्रजीत ‘फास्ट अस्लीप’ असतो, तो काही भराभर झोपत नसतो. मग घट्टपणातून वेग निघाला कसा? घट्ट धरायला ताकद लागते, म्हणून ‘फास्ट’ लढणं म्हणजे नेटानं लढणं झालं. आणि नेटानं पळणारा लवकरच पोचतो. नवल वाटत असेल तर आपलं ‘जोरात’ बघा. जोर म्हणजे ताकद, पण ‘गाडी जोरात गेली’ म्हणताना आपण वेगच सांगतो.

जुना अर्थ गिरण्यांच्या धंद्यातही टिकला. धुतल्यावर न जाणारा रंग तो ‘फास्ट कलर’. हा पक्केपणा कुठून येतो, ते तर शब्दाहून अजब आहे. १९०१ साली रेने बोन यांनी जर्मनीत इंडॅन्थ्रीन निळा तयार केला. या जातीचे रंग पाण्यात विरघळतच नाहीत. मग धाग्यात शिरणार कसे? कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइट घालून त्यांना तेवढ्यापुरतं विरघळवतात. द्रावण सुतात झिरपतं, मग ऑक्सिजन लागला की रंग पुन्हा न विरघळणारा होतो आणि आतच अडकतो. साधी नीळही याच युक्तीनं बसते: पिपातलं द्रावण पिवळट हिरवं, कापड बाहेर काढलं की हवेत डोळ्यांदेखत निळं होत जातं.

उपवासालाही इंग्रज ‘फास्ट’च म्हणतो, कारण व्रत घट्ट धरायचं असतं. तेव्हा एकादशीला साबुदाणा वडा तोंडात कोंबून गाडीमागे धावणारा मुंबईकर दोन्ही अर्थांनी फास्ट म्हणायचा. वडा उपवासाला चालतो की नाही, हा वाद घरच्यांनी मिटवावा.