वेशीवर सोडलेली गाडी

आठवड्याच्या बाजाराला येणारा शेतकरी आपली बैलगाडी भर बाजारात घालत नसे. गावाबाहेर झाडाखाली गाडी सोडायची, बैलांपुढे वैरण टाकायची आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात शिरायचे, अशी साधी रीत होती. गाडी आत घातली तर ना गाडी हलणार ना बाजार, एवढे शहाणपण त्याला पुरेसे होते. आज त्याच रितीला 'पार्क अँड राइड' म्हणतात. स्वतःचे वाहन शहराच्या कडेला किंवा स्थानकाजवळ ठेवायचे आणि पुढचा प्रवास बस, रेल्वे अथवा मेट्रोने करायचा.

नाव नवे असले तरी प्रकार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. डोंबिवली-कल्याणच्या स्थानकांबाहेर लागलेल्या दुचाकींच्या रांगा पाहा. पुण्याहून रोज पासावर मुंबई गाठणारी मंडळीही सकाळी स्टेशनाजवळ स्कूटर लावूनच १९३० सालापासून धावणारी 'डेक्कन क्वीन' पकडतात. त्यांना कुणी पर्यावरणावर व्याख्यान दिलेले नसते. रेल्वे लवकर पोचवते, पास परवडतो आणि फोर्टात गाडी लावायला जागा मिळत नाही, ही तीन कारणे त्यांना पुरतात. यांतले एक जरी काढून घेतले, तरी स्टेशनाबाहेरची रांग विरळ होईल.

परदेशातला अनुभवही हेच सांगतो. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डने १९७३ मध्ये जुन्या गावातून रुंद रस्ते काढण्याचा नाद सोडला. त्याच वर्षी रेडब्रिज येथे शहराच्या कडेला वाहनतळ सुरू झाला आणि तिथून गावात बस जाऊ लागली. पुढे असे पाच तळ शहराभोवती उभे राहिले. मात्र गावातली पार्किंगची जागाही तिथे मुद्दाम आवळली गेली. १९९९ मध्ये तर मुख्य हाय स्ट्रीट दिवसा खासगी मोटारींना बंदच झाला.

सिंगापूरची गोष्ट अधिक बोलकी आहे. जून १९७५ मध्ये तिथे मध्यवस्तीत सकाळच्या गर्दीच्या वेळी मोटार न्यायची तर दिवसाला तीन डॉलरचा परवाना लागू झाला. सोबत शहराच्या कडेला सुमारे १०,००० मोटारींची सोय केली आणि खास बसगाड्याही सोडल्या. परवान्याने काम चोख केले. त्या वेळात आत येणाऱ्या मोटारी निम्म्याहूनही कमी झाल्या. तळ मात्र ओस पडले. लोकांनी वेळ बदलली, चौघे मिळून एका मोटारीने येऊ लागले किंवा घराजवळूनच थेट बस धरली. अर्ध्या वाटेवर गाडी बदलण्याचा खटाटोप फारच थोड्यांना रुचला.

हे दोन्ही धडे पुण्यापुढे ठेवून पाहू. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून ती कसबा, मंडई करीत स्वारगेटला पोचली. म्हणजे कोथरूडच्या कुटुंबाने वनाजला गाडी ठेवावी, जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलावी आणि मंडईत उतरून तुळशीबाग गाठावी, हे आज शक्य आहे. पण गृहिणी हिशेब घालते तो असा : चौघांची जाता-येता आठ तिकिटे, गाडी ठेवण्याचे पैसे, जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या जिल्हा न्यायालय स्थानकातली चढउतार आणि परतताना हातातल्या पिशव्या. दुसऱ्या बाजूला फक्त पेट्रोल. 'पी-१', 'पी-२' पाट्यांची तारीख सांभाळली की बऱ्याच रस्त्यांवर गाडी फुकट लागते. मग तिने मेट्रो का निवडावी?

खरी गोम त्या फुकट जागेत आहे. पेठेत हातभर जागेला सोन्याचा भाव आहे. तिच्यावर दिवसभर उभी राहणारी मोटार म्हणजे सगळ्या गावाने एकाला दिलेले बिनव्याजी कर्ज. त्याचे व्याज भरतो तो पदपथावरून खाली उतरून चालणारा म्हातारा, शाळेला निघालेले पोर आणि कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेतला रोगी. २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केले होते. विरोध झाला, ते मोजक्या रस्त्यांपुरते आखडले आणि पुढे वर्षानुवर्षे कागदावरच राहिले.

विरोध करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे नव्हते. बस वेळेवर येत नाही, पदपथ मोकळा नाही आणि आधी पैसे मागता, हा सवाल रास्तच आहे. व्यापाऱ्यालाही गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती असते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नेमाने धावणारी बस आणि चालता येईल असा पदपथ, स्थानकाशी गाडी ठेवल्याचे आणि प्रवासाचे मिळून एकच परवडणारे तिकीट, कुटुंबाला त्यात सवलत. त्याच्या पाठोपाठ, रेंगाळत न बसता, पेठेतल्या जागेचे मोल. यांतले एकच करून भागणार नाही. नुसते तळ बांधले तर ते ओस पडतील आणि नुसते पैसे आकारले तर भांडणे होतील.

लक्ष्मी रोडवर खरेदी करते ती माणूस, मोटार नव्हे. गाडी वेशीवर सोडून पायी बाजारात शिरणाऱ्या त्या शेतकऱ्याला हे ठाऊक होते. तेव्हा गावात गाड्या फारशा नव्हत्या, तरीही.