कांठाच्या जमिनीचें मोल

गेल्या वैशाखांत माझा एक जुना विद्यार्थी इंदापूर तालुक्यांतून बारामतीस मजकडे आला. घरांत वाटणीचा विषय निघालेला. दोघे भाऊ व एक बहीण. (२००५ सालच्या दुरुस्तीपासून हिंदु वारसा कायद्यानें मुलीसही मुलाइतकाच वांटा आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच.) राहतें घर, विहिरीखालचें बागाईत, गोठा यांचे भाव एका बैठकींत ठरले. अडलें तें उजनी जलाशयाच्या कांठावरील तीस गुंठ्यांपाशीं. तेथें धाकटा भाऊ नावा ठेवतो, व हिवाळ्यांत रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्या मंडळींस पाण्यावर नेतो.

थोरल्याचें म्हणणें, नावांचा धंदा बरा चालतो, तेव्हां ही जमीन बागाइताच्या दुप्पट भावानें धरावी. धाकटा म्हणतो, नावा माझ्या, कर्ज माझें, उन्हातान्हांत राबतों मी. जमीन सरकारी दरपत्रकांत जिरायत आहे, ती जिरायतच धरा. यावर बहिणीनें एवढेंच म्हटलें, "मग दादा, तुझ्या नावा हमरस्त्यावर ठेवून दाखव."

"गुरुजी, खरें कोणाचें?" असें त्यानें विचारलें. हा माझा विद्यार्थी म्हणजे थोरला, हें येथें सांगितलें पाहिजे.

बारामतीच्या एमआयडीसींत असा पेंच पडत नाहीं. तेथें महामंडळ चौरस मीटरचा दर ठरवितें व भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्यानें देतें. कांठाची गोष्ट निराळी. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याचा एकूण साठा सुमारें ११७ टीएमसी, पण त्यांतला निम्म्याहून अधिक मृतसाठा. जलाशय भरला म्हणजे पाणी बांधाशीं येतें; उन्हाळ्यांत तें दूर ओसरतें आणि पळसदेवचें बुडालेलें देऊळ उघडें पडतें. मधली गाळपेरीची पट्टी सरकारची. म्हणजे या घराण्याच्या सातबाऱ्यावर पाणी नाहींच. आहे ती पाण्याकडे जाण्याची वाट. तंटा त्या वाटेच्या किंमतीचा.

धाकट्याचा आणखी एक मुद्दा होता: ही वाट माझ्यावांचून घेणार कोण? गिऱ्हाईक एकच, तर भाव कसला? यावर मला विजागापट्टणचा जुना खटला आठवला. तेथील बंदरासाठीं १९२८ सालीं गजपतिराजू नांवाच्या जमीनदाराची जमीन घेतली गेली. तींत गोड्या पाण्याचा झरा होता. त्या झऱ्याचा उपयोग बंदरालाच. दुसरा ग्राहक नाहीं, म्हणून त्याची किंमत धरावी कीं नाहीं, हा वाद प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. १९३९ सालीं निकाल झाला कीं, ग्राहक एकच असला तरी जमिनीच्या अंगच्या उपयुक्ततेचें मोल मालकास मिळालें पाहिजे. मात्र अडवणुकीचा भाव नव्हे, राजीखुशीचा.

तेव्हां वाट सर्वांची व नावांचा नफा धाकट्याचा, असें मी सांगितलें. नफ्यांतून नावांचा खर्च, कर्जाचें व्याज व त्याच्या श्रमाचा योग्य मेहनताना वजा घालावा. उरेल तें जागेचें उत्पन्न, व त्यावरून जागेचा भाव. थोरल्याचा चेहरा जरा उतरला. दुपटीइतकें कांहीं उरणार नव्हतें.

परंतु मला खरी टोचणी लागली ती निराळीच. यांच्या वडिलांची नदीकांठची काळी जमीन धरणांत गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें, ज्या कामासाठीं जमीन घ्यावयाची त्या कामामुळें तिचें वाढणारें मोल भरपाईंत धरावयाचें नसे. मिळाला तो शेताचा भाव, व वर शेंकडा १५ सक्तीच्या खरेदीबद्दल. वरची मुरमाड, कोणी न पुसणारी पट्टी तेवढी उरली. तीच आज भांडणाचें कारण झाली आहे. ती कांठ बनली ती कोणाही भावाच्या कर्तबगारीनें नव्हे. बहिणीचा हक्क मला येथें सर्वांत बळकट वाटतो.

आतां मूल्यमापक बोलावण्याचें ठरलें आहे. त्यानें कधीं यावें यावरही दोघां भावांत एकमत नाहीं: थोरला म्हणतो दसऱ्यानंतर, धाकटा म्हणतो चैत्रांत. दोन्ही वेळां बोलवा, व खर्च तिघांनीं वांटून घ्या, असें मी पत्रानें कळविलें आहे.